चाकांवरची आंघोळ

आंघोळ कशी करायची हे माणसाला लहानपणी एकदा शिकवलं की संपलं, असा माझा सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत ठाम समज होता. त्या दिवशी सकाळी सव्वाआठला मी बायकोला म्हणालो, "तू थांब जरा. आधी मी करून बघतो." हेतू चांगला होता. माझे हेतू नेहमीच चांगले असतात. आमच्या घरात आजवर जे काही फुटलं, सांडलं किंवा जळलं, ते सगळं चांगल्या हेतूनेच.

तर आधी गाडीचं सांगतो. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गॅरेजवाला आहे. त्याने एका पिकअप ट्रकच्या पाठीवर चक्क एक खोली बसवली आहे. आत पलंग, शेगडी, बेसिन, दोघांनी भांडण न करता बसावं एवढं टेबल, आणि कोपऱ्यात एक अरुंद दार. त्या दाराआड बाथरूम. कमोड त्यातच, शॉवरही त्यातच, आणि माणूसही, मावलाच तर, त्यातच.

"कॅम्पर म्हणतात याला, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "पंधरा दिवस घेऊन जा. ताईला फिरवून आणा."

ताईने, म्हणजे माझ्या बायकोने, संपूर्ण गाडी बघून एकच प्रश्न विचारला. "गरम पाणी येतं का रे?"

त्या प्रश्नामागे नऊ वर्षं होती. माझे वडील नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. मी दहाला कचेरीत जायचो आणि सहाला यायचो. ते मधले आठ तास तिचे, आणि खरं सांगायचं तर उरलेले सोळाही तिचेच. ती आंघोळीला गेली आणि दुसरा मग अंगावर घेतला की हाक यायची, "सूनबाई!" कधी पाणी हवं असायचं, कधी कूस बदलायची असायची, कधी घरात कुणी आहे ना एवढंच बघायचं असायचं. ती ओल्या अंगावर गाऊन ओढून बाहेर यायची. एकदाही चिडली नाही. (मी चिडायचो. दाराशी उभा राहून. मदत सोडून.)

गेल्या वर्षी वडील गेले. यंदा सुट्टी मंजूर झाली तेव्हा मी मोठ्या ऐटीत विचारलं, "बोल, कुठे जायचं?"

"कुठेही चला," ती म्हणाली. "मला फक्त एक आंघोळ हवी. गरम पाण्याची, सावकाश. आणि होईपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही."

"अगं, मग ती घरीच कर की!"

"घरी नाही होत हो. कान तिकडेच लागलेले असतात."

मी चष्मा पुसला. मग म्हणालो, "होईल. माझी जबाबदारी." आता ज्याने एकतीस वर्षं कचेरीत परिपत्रकं काढली, तो जबाबदारी घेतो म्हणजे काय करतो? परिपत्रक काढतो. मेहुण्याने फोनवर सांगितलेली सगळी माहिती मी सतरा सूचनांत बसवली, टाइप केली आणि बाथरूमच्या दारावर चिकटवली. टाकी अर्धीच भरावी, वजन वाढलं की डिझेल जास्त जातं. (ही सूचना माझी स्वतःची. मेहुण्याने असलं काही सांगितलेलं नव्हतं.) प्रथम अंग भिजवून पाणी बंद करावं, मग साबण लावावा, मग पुन्हा पाणी सुरू करावं. पंपाचा स्विच दाराबाहेरच्या फळीवर असून तो चालू असताना लाल दिवा लागतो. वापरात नसलेला प्रत्येक स्विच तत्काळ बंद करावा, ही सूचना क्रमांक नऊ. तिच्याखाली मी लाल रेघ मारली होती.

पहिल्या दिवशी आम्ही एका तळ्याकाठच्या मैदानावर मुक्काम केला. असल्या गाड्यांसाठीच ते मैदान राखलेलं होतं. आमच्या शेजारी दुसरी एक गाडी होती आणि तिच्यासमोर सतरंजी अंथरून, वर घडीची खुर्ची टाकून एक बाई पुस्तक वाचत बसल्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी आपोआप शर्ट आत खोचला.

तर सकाळी सव्वाआठला मी आत शिरलो. त्या बाथरूममध्ये कोपर दुमडून उभं राहावं लागतं. डावीकडे वळलं की बेसिन कमरेत घुसतं, उजवीकडे वळलं की पडदा अंगाला चिकटतो, आणि वाकायचं असेल तर दार उघडून वाकावं लागतं. पण पाणी! काय गरम, काय सुरेख पाणी! मी आतूनच ओरडलो, "अगं, एक नंबर आहे! तुला फार आवडेल!"

"बरं बरं!" ती बाहेरून म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला दाराआडूनही कळला.

मग सूचनेप्रमाणे मी पाणी बंद केलं आणि साबण लावायला घेतला. बेताबेताने लावणं माझ्या स्वभावात नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र झालो, डोळे गच्च मिटले आणि नळ फिरवला. पाणी नाही. उलटा फिरवला. नाही. हँडशॉवर कानाशी धरून हलवला, त्यातून एक थेंब माझ्या कानात पडला आणि विषय संपला.

"अगंऽऽ!"

उत्तर नाही. झालं होतं ते असं. पाणी थांबलं म्हणून पंप गप्प झाला. बायकोने पाहिलं, पंप तर चालत नाही आणि लाल दिवा मात्र जळतोय. तिने सूचना क्रमांक नऊ वाचली, लाल रेघही पाहिली, स्विच बंद केला आणि समाधानाने तळ्यावर फिरायला निघून गेली. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने माझी लेखी सूचना पाळल्याची ही पहिलीच वेळ.

साबण डोळ्यांत उतरायला लागला. मी चाचपडत बाहेर पडायला गेलो तर पडदा अंगाबरोबर आला, आणि पडद्याबरोबर वरचा दांडाही आला. तसाच त्या फळीपर्यंत पोचलो आणि आंधळ्याने दाबावेत तसे सगळे स्विच दाबले. दिवा लागला. पंखा लागला. मग एक मोठा घरघराट झाला आणि गाडीबाहेरचं कापडी छप्पर हळूहळू पसरायला लागलं. तो स्विच मी घाईघाईने परत दाबला तर ते मिटायला लागलं. शेजारच्या बाई पुस्तक मिटून हे सगळं बघत होत्या, असं मला नंतर कळलं. छप्पर तीनदा उघडलं आणि तीनदा मिटलं. चौथ्या वेळी माझ्या हाताला पंप लागला.

आता नळ मी उघडाच ठेवून आलो होतो, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं. कमोडच्या झाकणावर पडलेला हँडशॉवर एकदम उसळला आणि उघड्या दारातून त्याने आधी टेबल धुतलं, मग शेगडी, मग पलंग. मी डोळे मिटून त्याच्या मागे आणि तो माझ्या पुढे, अशी आमची बराच वेळ झटापट चालली. शेवटी मी त्याला गादीवर दाबून धरला. (गादीवर. आता हसू नका.) नळापर्यंत पोचलो तेव्हा पाण्याची धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी आणि मग बंद. अर्धी भरलेली टाकी पूर्ण रिकामी झाली होती आणि साबण अजून पाठीवर होता.

तेवढ्यात बायको आली. दारातच थांबली. थबथबलेली गादी, वाकलेला दांडा, पडदा गुंडाळलेला नवरा, सगळं तिने नीट पाहून घेतलं. टाकीतलं पाणी दाखवणारे फळीवरचे चार दिवे विझलेत, हेही पाहिलं. मला वाटलं, आता हसेल किंवा ओरडेल. दोन्हीसाठी मी तयार होतो.

ती म्हणाली, "राहू दे. मी तोंड धुऊन घेते तळ्यावर."

हे 'राहू दे' मी नऊ वर्षं ऐकत आलो होतो. नणंदेच्या मुलीचं लग्न, राहू दे. मैत्रिणींची सहल, राहू दे. डोळे तपासायचे होते, ते सुद्धा राहू दे. इतक्या सहजपणे म्हणायची की मी पेपरातून मान वर करत नसे. आज चेहऱ्यावरून साबण ओघळत होता म्हणून असेल, पण मला ते नीट ऐकू आलं. मनाशी म्हटलं, वाट्टेल ते होवो, आज संध्याकाळच्या आत हिची आंघोळ झाली पाहिजे. आणि एकानेही हाक मारता कामा नये.

मैदानाच्या राखणदाराला विचारलं. नळ होता, पण दुसऱ्या टोकाला, दोनशे पावलांवर, आणि आमची नळी फक्त बारा पावलांची. त्याने दहा लिटरचा एक कॅन आणि एक नरसाळं दिलं. पूर्ण टाकी ऐंशी लिटरची. म्हणजे आठ खेपा. दुपारी दोनला सुरुवात केली आणि साडेतीनला टाकीचे चारही दिवे लागले. (तिसऱ्या खेपेनंतर अर्धा तास मी झाडाखाली आडवा होतो, तो हिशेबात धरू नका.) वापरलेल्या पाण्याची खालची टाकी ओतून आलो, गादी झुडपावर वाळत टाकली, दांडा सरळ करून पडदा अडकवला, गीझर पेटवला. दारावरच्या सतराच्या सतरा सूचना ओरबाडून काढल्या.

"जा," मी म्हणालो. "हवं तेवढं पाणी वापर. एक वाजेपर्यंत बसलीस तरी चालेल."

"आत्ता चार वाजलेत हो."

"मग उद्या एक वाजेपर्यंत!"

ती हसली. टॉवेल आणि गाऊन घेऊन आत गेली. दाराची कडी लागली, पंप घरघरला, पाणी पडायला लागलं. मी पाय न वाजवता बाहेर आलो आणि पायरीवर पहारा द्यायला बसलो.

बसलो खरा, पण बसवेना. मेहुणा म्हणाला होता, शॉवरला मिनिटाला सहा लिटर जातात. ऐंशी भागिले सहा, म्हणजे तेरा मिनिटं! तेरा मिनिटांनी केसांत साबण असताना धार दोऱ्याएवढी होणार, आणि आतून शांतपणे आवाज येणार, 'राहू दे'. टाकीत किती उरलंय ते फळीवर दिसलं असतं, पण फळी बाथरूमच्या दाराला लागून. मी आत पाऊल टाकलं की सगळी खोली हलते. तिला वाटणार, आला बोलवायला. छे! मी कॅन उचलला आणि नळाकडे निघालो. तिने वरून वापरायचं, मी बाहेरून भरत राहायचं. पाणी संपलंच नाही तर प्रश्नच मिटला.

दुसऱ्या खेपेला मुलीचा फोन आला. "बाबा, आई कुठेय?"

"आंघोळीला," मी कुजबुजलो.

"आत्ता? द्या ना जरा. दोनच मिनिटं बोलायचंय."

"मुळीच नाही."

"अहो बाबा, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय तेवढं हाक मारून विचारा ना!"

"कपाट फोड," मी म्हणालो आणि फोन बंदच करून टाकला. आयुष्यात पहिल्यांदा मुलीला असं बोललो. मला माझाच अभिमान वाटला.

तिसरी खेप ओतून वळतो तर समोर मुख्याध्यापिकाबाई. "अहो, जरा ऐकता का? तुमच्या गाडीच्या—"

"शूऽऽ!" मी ओठांवर बोट ठेवलं. "आत आंघोळ चाललीय!"

चाळीस वर्षं मुलांना गप्प करणाऱ्या त्या बाई, त्यांना हे नवीन असावं. त्या निमूट परत गेल्या. पाचव्या खेपेला पुन्हा आल्या. काही न बोलता खाली बोट दाखवायला लागल्या. मी खाली पाहिलं. पँट चिखलाने जड होऊन घसरत होती. मी ती वर ओढली, मान लववून आभार मानले आणि पुन्हा बोट ओठांवर ठेवलं. सातव्या खेपेला त्यांनी दोन्ही हातांनी लाटांसारख्या खुणा केल्या. मी समजलो, किती पाणी वाहताय हो बायकोसाठी, असं म्हणतायत. छातीवर हात ठेवून मी नम्रपणे हसलो. नवव्या खेपेला त्या खुर्ची उचलून दुसरीकडे निघाल्या होत्या, त्यांनाही मी शू केलं, कारण खुर्ची वाजत होती.

अकराव्या खेपेनंतर माझे हात सरळ होईनात. पावणेपाच वाजले होते. एवढा वेळ? आता माझ्या मनात भलतंच यायला लागलं. घसरून पडली असेल का? गॅसने चक्कर आली असेल का? हाक मारावी का? नुसतं 'अगं' म्हणावं? तोंड उघडलं आणि परत मिटलं. एक हाक गेली की संपलं सगळं. आणि नाही मारली आणि खरंच काही झालं असेल तर? त्या पाच मिनिटांत मला जेवढी भीती वाटली, तेवढी कधी वाटली नव्हती. शेवटी बाथरूमच्या बाजूने गाडीच्या पत्र्याला कान लावून उभा राहिलो.

आतून गुणगुणण्याचा आवाज येत होता. गाणं नव्हतं कुठलं, नुसता सूर. लग्न झालं तेव्हा स्वयंपाक करताना ती अशी गुणगुणायची. ते कधी थांबलं हे मला आठवेना, म्हणजे थांबलं तेव्हा माझं लक्षच नव्हतं. कान पत्र्याला तसाच ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं. सकाळचा साबण राहिला असेल, असं मी स्वतःला सांगितलं, पण ते काही खरं नव्हतं.

पाच वाजता ती बाहेर आली. ओले केस मोकळे, चेहरा गुलाबी, आणि दहा वर्षांनी लहान.

"पुरलं ना पाणी?" मी धपापत विचारलं.

"पाणी? अहो, माझी आंघोळ पाच मिनिटांतच झाली."

"पाच?"

"सवयच लागलीय हो. हात आपोआप भराभरा चालतात. झाल्यावर लक्षात आलं, कुणी हाक मारलीच नाही. मग कमोडचं झाकण लावून तिथेच बसले, गाऊन घालून. वाट बघत होते, आता मारेल कुणीतरी, मग मारेल. कुणीच मारेना. मग म्हटलं, बसू अजून थोडं. काय बरं वाटत होतं म्हणून सांगू! उद्या पाणी नसलं तरी चालेल, मी बसेन."

मी पायरीवर मटकन बसलो. ऐंशीतले तिने वीस लिटर वापरले असतील. आणि मी त्यानंतर ओतलेले एकशे दहा? ते कुठे गेले?

"आता बोलू का?" मागून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला. खुर्ची एका हातात, पुस्तक दुसऱ्या हातात. "टाकी भरली की जास्तीचं पाणी तुमच्या गाडीच्या पलीकडच्या नळीतून बाहेर येतं. आमच्या बाजूला. माझी सतरंजी आता तळ्याचा भाग आहे. तीनदा सांगायला आले, चारदा तुम्ही मला गप्प केलंत."

मी इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी त्याच संकोचल्या. बायको हसून हसून डोळे पुसत होती. मग तिने त्यांना चहाला बोलावलं, आणि आम्ही तिघांनी सतरंजी पिळून आमच्या गादीशेजारी झुडपावर वाळत घातली.

चहा पिताना मला राहवेना. एवढं केलं, तर थोडं श्रेय कोपऱ्यातून का होईना, मिळावं की नाही? बायको शेजारी बसली होती, तिने माझा सुजलेला तळहात आपल्या मांडीवर घेऊन त्याला तेल लावलं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, मी बाहेर होतो ते तुला अजिबात जाणवलं नाही ना? माझा काही आवाज आला नाही ना?"

"तुमचा? छे हो, मुळीच नाही," ती प्रेमाने म्हणाली. "फक्त कुणीतरी तिथे मागे म्हैस आणून बांधली होती वाटतं. सारखी पाय ओढत फिरत होती बिचारी, आणि मधेच पत्र्याला टेकून अशा धापा टाकत होती! मला तर इतकी दया आली, म्हटलं, बाहेर पडले की तिला आधी पाणी पाजायला सांगते तुम्हाला."